भिंतीला कवच नको, शेगडीला जागा द्या

शेगडीमागची टाइल तडकली, सांधे काळवंडले, रंगाला फुगे आले की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: त्या भिंतीवर काहीतरी मारून घ्या. कुणी चंदेरी ॲल्युमिनियमचा स्टिकर सुचवतं, कुणी पीव्हीसीचं पॅनल, कुणी रंगीत काच. पवनारला गेल्या काही वर्षांत मातीची घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहत आहेत. तिथे हा सल्ला मिस्त्री देतो, दुकानदार देतो, वास्तुशांतीला आलेले पाहुणेही देतात. तो कुणी तपासून बघत नाही. माझ्या मते हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, आणि निम्म्या वेळा तो घरात आगीचं निमित्त आणून ठेवतो. भिंत खराब होते कारण आपण आग तिला खेटून मांडतो. ती मांडणी तशीच ठेवून वरून कितीही थर चढवले तरी उष्णता तिचं काम करतच राहणार.

आधी टाइलवरचा आळ दूर करू. 'माल हलका होता म्हणून तडकली' हे वाक्य घरोघर ऐकू येतं. सिरॅमिक टाइल भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजून निघालेली असते. वरणाच्या कुकरखालची आच तिला जाळू शकत नाही. ती तडकते बसवण्याच्या पद्धतीमुळे. घाईत असलेला मिस्त्री टाइलच्या पाठीला सिमेंटच्या मालाचे चार-पाच गोळे लावतो आणि टाइल भिंतीवर दाबतो. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. बोटाने वाजवून पाहिलं तर भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी घुमतो. भरीव जागची उष्णता मागच्या विटेत उतरून जाते, पोकळ जागची टाइलमध्येच अडकते. म्हणजे एकाच टाइलचा एक भाग जास्त तापतो, दुसरा कमी. त्यात दोन टाइलमध्ये सांधाच ठेवलेला नसतो, कारण 'मधली रेघ दिसायला नको' हा घरमालकाचा हट्ट. दोन फुटांची टाइल 80 अंशांनी तापली तर लांबीत साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. वाढ एवढीशीच, पण शेजारची टाइल घट्ट भिडलेली असेल तर तेवढीही जिरायला जागा मिळत नाही. मग टाइल भिंतीपासून सुटते किंवा कोपऱ्यातून केसासारखी चीर धरते. पाठीला सगळीकडे सारखा माल आणि दोन-तीन मिलिमीटरचा सांधा, एवढ्याने हे टळतं. आता सांगा, वरून चिकटवलेल्या स्टिकरने यातलं काय दुरुस्त होतं? पोकळ टाइल पोकळच राहते, आणि ती सुटत चालली आहे हे मात्र दिसेनासं होतं.

उष्णता भिंतीपर्यंत पोचते कशी हे ज्याला बघायचं असेल त्याने उन्हाळी कामाच्या दिवसांत, कुरडया घालतात त्या सकाळी, कुठल्याही घरच्या ओट्यापाशी उभं राहावं. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून काढलेला चीक मोठ्या गंजात शिजत असतो. गंजाचं बूड बर्नरच्या दुपटीहून रुंद. शेगडी भिंतीला टेकवलेली, म्हणून गंजाची मागची कडही भिंतीला टेकलेली. चीक खाली लागू नये म्हणून बाई दोन्ही हातांनी जोर लावून घोटत असते आणि घोटताना गंज मागेच रेटला जातो. ज्योत बुडाला आपटून चारी बाजूंना पसरते. समोरून आणि डाव्या-उजव्या अंगाने गरम हवा मोकळी वर निघून जाते. मागच्या बाजूला ती गंज आणि भिंत यांच्यातल्या चिंचोळ्या फटीत सापडते आणि टाइलला चाटत वर चढते. गॅसच्या ज्योतीचं तापमान 1900 अंशांच्या आसपास असतं. भिंतीशी पोचेपर्यंत हवा पुष्कळ निवते हे खरं, पण ती एकाच पट्ट्यावर सलग वाहत राहते. चीक पारदर्शक होऊन उतरवला जातो तेव्हा त्या पट्ट्याला हात लावून बघा, हात टिकत नाही. पुढे तिथे पिवळट डाग उमटतो. टाइलवर बसलेल्या फोडणीच्या तेलाचा पातळ थर तिथे भाजून लाखेसारखा कडक झालेला असतो. घरचे लोक तो ॲसिडने घासतात. ॲसिड सांध्यातलं सिमेंट खातं, सांधा भुसभुशीत होतो, त्यात तेल मुरतं, आणि वर्षभरात 'टाइल खराब निघाली' असा निकाल लागतो.

दिवाळीच्या तळणाला हेच, थंडीत आंघोळीचं पाणी शेगडीवर तापवतात तेव्हाही हेच. तीन बर्नरच्या पुष्कळ शेगड्यांत मधला बर्नर मागे सरकवलेला असतो, म्हणजे भिंतीला सगळ्यांत जवळ. नेमकं मोठं भांडं त्याच्यावर जातं, कारण पुढचे दोन बर्नर रोजच्या तव्याला आणि कुकरला लागतात. समोर खिडकी असली तर वाऱ्याने ज्योत कलते ती वेगळीच. यातल्या कुठल्याही गोष्टीचा भिंतीच्या रंगाशी किंवा टाइलच्या कंपनीशी संबंध नाही.

आता त्या कवचांकडे वळू. पीव्हीसीचं पॅनल 'वॉटरप्रूफ, हीटप्रूफ' म्हणून विकलं जातं. त्यातला पहिला शब्द खरा आहे. साधं पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे पाणी उकळायच्याही आधी. पेटलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो डोळे आणि फुप्फुसं पोळतो. ॲक्रिलिकची शीट थोडी जास्त टिकते, शंभर अंशांपुढे तीही वाकते, आणि ती पेटते. हल्ली दुकानांच्या दर्शनी भागासाठी आणलेल्या एसीपी शीटचे उरलेले तुकडेही ओट्यामागे बसवलेले दिसतात. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि स्वस्त मालात त्यांच्यामध्ये पॉलिथिलिन. वरून धातू दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 च्या रात्री आग लागली ती एका घरातल्या फ्रिजपासून. ती इमारतभर पसरली बाहेर लावलेल्या याच जातीच्या पॉलिथिलिन भरलेल्या आवरणामुळे, आणि 72 माणसं गेली. जी वस्तू इमारतीच्या बाहेरच्या अंगालाही घातक ठरली ती आपण ज्योतीपासून वीतभर अंतरावर लावतो आहोत.

चंदेरी स्टिकरची गोष्टही अशीच. ॲल्युमिनियम वितळतं 660 अंशांना, ते खरंच आहे. पण स्टिकर भिंतीवर राहतो तो धातूच्या नव्हे, डिंकाच्या भरवशावर. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पश्चिमेची भिंत बाहेरूनही तापलेली असते. दोन्ही बाजूंनी तापलेल्या भिंतीवर डिंक किती दिवस धरेल? खालची कड आधी सुटते आणि ज्योतीकडे वळते. 'चकाकी उष्णता परत फेकते' हा युक्तिवाद कोऱ्या, स्वच्छ पत्र्यापुरता ठीक आहे. फोडणीचं तेल आणि हळदीचा थर बसला की चकाकी गेली आणि तिच्यासोबत तो गुणही गेला.

काचेचा पक्ष मांडणारे जरा अधिक विचार केलेले असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. टफन्ड काच उष्णतेला चांगली टिकते, काचेच्या दोन भागांत दोनशे अंशांच्या आसपासचा फरक ती सोसते. साधी काच चाळीसेक अंशांच्या फरकालाच तडकू शकते. बाजारात या दोन्ही काचा एकाच रंगात, एकसारख्या दिसतात. ओळखायची सोपी खूण सांगते: टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, तसं केलं तर तिचा चुरा होतो. दुकानदार तुमच्या डोळ्यांसमोर काच कापून मापाला बसवून देत असेल, प्लगच्या बोर्डासाठी जागेवर खाच पाडून देत असेल, तर ती टफन्ड नाही. आणि खरीखुरी टफन्ड आणली तरी ती सिलिकॉनने थेट टाइलवर चिकटवल्यास उष्णता मागे जायचीच. काच वाचेल, भिंत तितकीच तापेल.

भिंतीचं झालं ते झालं, पण या सगळ्या चर्चेत ज्या दोन गोष्टींचा उल्लेखही होत नाही त्या भिंतीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. शेगडी भिंतीला टेकवली की गॅसची नळी शेगडीच्या मागून, त्याच गरम फटीतून जाते. आयएसआय शिक्का असलेली नारिंगी सुरक्षा नळी असली तरी तिला आचेपासून लांब ठेवायचं असतं, दर पाच वर्षांनी बदलायचं असतं, आणि तिची लांबी दीड मीटरच्या आत असावी लागते. पुष्कळ घरांत नळी शेगडीमागे दडलेली असल्यामुळे तिला चीर गेली का हे वर्षानुवर्षं कुणाला दिसतच नाही. दुसरी गोष्ट मिक्सरच्या प्लगचा बोर्ड. घरातल्या साध्या पीव्हीसी वेष्टनाच्या वायर 70 अंशांपर्यंतच्या कामासाठी असतात. बोर्ड शेगडीच्या बरोबर मागे काढला, वर सुंदर पॅनल लावून सगळं झाकून टाकलं, आत वायरचं वेष्टन कडक होऊन तडकत राहिलं, तर भिंत शाबूत ठेवून आपण काय मिळवलं? सुरक्षेचा पैसा खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया नळीवर आणि बोर्ड बाजूला सरकवण्यावर जायला हवा. गॅसचा वास आला तर फोन करायचा आणीबाणीचा क्रमांक 1906 आहे, तो सिलिंडरच्या जवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. त्या भिंतीवर लावण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

'मग काहीच लावायचं नाही का?' असं विचारलं जाईल. लावायचं असेल तर रीत आहे, आणि ती माझ्या मनची नाही. अमेरिकेत लाकडाच्या शेगड्या भिंतीपासून किती दूर ठेवाव्यात यासाठी एनएफपीए 211 हे मानक आहे. पेट घेऊ शकणाऱ्या उघड्या भिंतीपासून 36 इंच अंतर ते मागतं. भिंतीसमोर साडेतीन इंच जाड विटांचं बांधकाम मध्ये फट न ठेवता केलं तर ते अंतर एक तृतीयांशाने कमी करायची परवानगी आहे. आणि 24 गेजचा साधा पातळ पत्रा भिंतीपासून 1 इंच अंतर सोडून, मागून हवा खेळेल असा बसवला तर दोन तृतीयांशाने, म्हणजे 12 इंचांपर्यंत. जाड वीट हरते आणि पातळ पत्रा जिंकतो, कारण त्याच्यामागे हवा वाहते. पत्रा तापला की मागची हवा तापते, हलकी होऊन वरून निघून जाते, खालून थंड हवा येते. आपली गॅसची शेगडी लाकडाच्या शेगडीपेक्षा वेगळी, आपली भिंत विटांची, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे उचलायचं कारण नाही. पण संरक्षण फटीत आहे, पत्र्यात नाही, हे त्यातून स्वच्छ कळतं. स्टीलचा पत्रा घ्या, इंचभर लांबीच्या स्टीलच्या नळ्यांवर तो भिंतीपासून सुटा बसवा, खालची आणि वरची कड उघडी ठेवा, महिन्याला काढून धुता येईल असे स्क्रू वापरा. जो फिटर 'मागे पोकळ राहील, सिलिकॉनने बंद करून देतो' म्हणेल त्याला थांबवा. तो पत्र्याचा उपयोगच काढून टाकतो आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप जागेचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. ओटा दोन फुटांचा, शेगडी पुढे ओढली तर पोळपाट कुठे ठेवायचा? घरकुलाच्या योजनेत तर सगळं घरच लहान. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरलं आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. सपाट भागासाठी अनुदान 1 लाख 20 हजार. एवढ्यात ओटा रुंद कुठून करणार, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय शेगडी फार पुढे आणणंही बरं नाही, लहान मुलाचा हात पोचतो, पदर पेटतो. पण गणित करून बघा. दोन फुटी ओट्यावर बर्नरचा मध्य भिंतीपासून 12 इंचांवर ठेवला आणि घरातला मोठा गंज फूटभर रुंद असला तर त्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत 6 इंच मोकळे राहतात. तेवढ्याने माझं समाधान आहे. पोळ्या लाटायला जागा शेगडीच्या पुढे शोधू नका, शेजारी शोधा. त्यासाठी ओटा रुंद नव्हे, लांब लागतो. ज्याला सवड आहे त्याने शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच जास्त रुंद ओतावा. कडाप्प्याच्या त्या पट्टीचा खर्च पॅनलच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही, आणि पट्टी एकदाच लागते, पॅनल दर काही वर्षांनी बदलावं लागतं.

जागेचा आक्षेप मांडणारे निदान अडचण मांडतात. ज्याचा मला राग येतो तो आरोप वेगळा आहे: 'बाया गॅस मोठा ठेवतात, भांडं तसंच मागे ढकलतात, लक्ष देत नाहीत.' ओट्याची उंची, रुंदी, शेगडीची जागा, खिडकी, बोर्ड, हे सगळं ठरवताना त्या घरात कोण बोलतं? घरमालक, मिस्त्री, फार तर इंजिनिअर. जिला दहा माणसांचा स्वयंपाक त्या ओट्यावर करायचा आहे तिला बहुधा टाइलचा रंग विचारला जातो. मग ओटा अरुंद निघाला, गंज भिंतीला टेकला, टाइल तडकली की दोष तिच्या हाताचा. पवनार हे धाम नदीकाठचं विनोबांचं गाव म्हणून देशाला माहीत आहे. 1959 साली त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते स्त्रियांनी स्वतःच्या बळावर, सामूहिक निर्णयाने चालवावं म्हणून. त्या गावात तरी ओट्याचं माप तो वापरणारीला विचारून घ्यायला काय हरकत आहे?

'जुन्या काळी चुली भिंतीलाच असायच्या, तेव्हा कुठे काय झालं' असंही सांगितलं जातं. चुली भिंतीकडेला असत, भिंतीला चिकटलेल्या नसत. चुलीच्या मागे मातीचा कट्टा असे, पुष्कळ ठिकाणी त्याला भानवस म्हणतात. दूध, भाकरी, उतरवलेली भांडी त्यावर ऊबेला राहत. आग आणि भिंत यांच्यामध्ये तो कट्टा अंतर राखून होता. चुलीच्या मागून निघणारी आच वैलात शिरायची आणि तिथे आमटी किंवा दूध तापवून मगच सुटायची. राहिलेला धूर भिंत काळी करायचा, तिला रोज सकाळी पोतेरा फिरायचा, सणाला पांढरी माती. 2016 नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर आला, ही फार चांगली गोष्ट झाली, बायांच्या छातीतला धूर कमी झाला. पण चूल काढली तेव्हा भानवसही गेलं आणि शेगडी थेट भिंतीला जाऊन टेकली. जुनं तसंच नव्यात उतरलं असं म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हा मधला कट्टा सुटतो.

या जिल्ह्यात तर हा विचार आधी झालेला आहे. पवनारहून वर्ध्याला गेलं की मगनवाडी. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी तो तिथून चालवला, आणि धूर नळीवाटे घराबाहेर नेणारी मगन चूल 1940 च्या दशकात तिथूनच पुढे आली. भिंती काळ्या होतात म्हणून भिंतीला काय फासावं असा प्रश्न त्या लोकांनी धरला नाही. त्यांनी आगीचा आणि धुराचा रस्ता बदलला. वर्ध्याच्या मातीत तयार झालेली ही समज सोडून आपण प्लास्टिकच्या पॅनलकडे वळावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि ज्यांच्या घरात टाइलच नाही त्यांचं काय? पवनारच्या आजूबाजूच्या वस्त्यांत अजून कुडाच्या भिंती आहेत, टिनाच्या खोल्या आहेत, भाड्याच्या खोलीत प्लायचा आडोसा करून मांडलेली शेगडी आहे. तिथे तडा जायला टाइल नसते, पेटायला भिंत असते. प्लाय आणि बांबू वर्षानुवर्षं तापत राहिले की कोळपत जातात आणि कमी आचेवर पेट घेऊ लागतात. अशा घरात कुणी स्वस्तातला स्टिकर कुडावर चिकटवून निर्धास्त झालं तर ते निर्धास्तपणच घातक आहे. तिथे शेगडी आडोशापासून हातभर दूर आणि मध्ये सुटा पत्रा, याला पर्याय नाही, आणि त्याला पैसेही फारसे पडत नाहीत.

ज्यांचा ओटा अजून ओतायचा आहे त्यांनी एक काम करावं. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला बांधकामावर न्यावं, सोबत शेगडी आणि घरातला सगळ्यांत मोठा गंज न्यावा. जमिनीवर खडूने भिंत आखावी, शेगडी मांडावी, गंज मागच्या बर्नरवर ठेवावा, त्याच्या कडेपासून 6 इंच मोजावेत, नळी कुठून जाईल ते बघावं, बोर्ड कुठे नको ते ठरवावं, आणि मगच मिस्त्रीला ओट्याचं माप द्यावं. ज्यांच्या शेगडीमागे आज पीव्हीसी, ॲक्रिलिक किंवा एसीपी लावलेलं आहे त्यांनी पुढच्या कुरडयांची वाट न पाहता ते काढून टाकावं.